संभाची किक

पिराजीचं पत्र आलं त्या दुपारी मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. पोस्टमननं दारातूनच हाक दिली, "गडहिंग्लजचं हाय, काका," आणि निळं अंतर्देशीय उंबऱ्यावर टाकून तो गेला. गडहिंग्लजला माझं कोणी नव्हतं. अक्षरही ओळखीचं नव्हतं. गोल, शाळकरी वळणाचं होतं. मजकूर मात्र पहिल्या ओळीपासून पिराजीचाच होता. तो बोलला असेल तसाच लिहिणारीनं उतरवून घेतला होता.

"नरहरी, जिवंत हायस न्हवं? मी हाय. लेकीकडं असतोय. पत्र तीच लिहितीय, तवा शिव्या घालत न्हाई. संभा दिवाळीला येतोय. इतक्या वर्षांनी येतोय. तो यायच्या आत मला तुझ्याकडनं एक गोष्ट कळाय पायजे. फायनलला त्यानं शेवटची किक मारली, ती नेमकी कशी गेली? संभा म्हणतोय चांगली मारलेली, कोपऱ्यात. तू म्हणालास गोलीच्या हातात दिली. मी तुझं धरून बसलो. आता पुन्यांदा इचारतोय. बघितलंस ते लिही. टोमणा मारू नको, नुसतं लिही."

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कागद घेऊन बसलो नाही असं नाही. 'प्रिय पिराजी' एवढं लिहून व्हायचं, आणि मग मी त्या दोन शब्दांतच काहीबाही दुरुस्त करत बसायचो. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. स्वतःचं एक वाक्य धड उभं करता येईना. दिवाळी आली आणि गेली. त्यानंतर उत्तर लिहिण्यात अर्थ नाही असं मी ठरवलं. ते ठरवणं मला फार सोयीचं होतं.

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला नाही त्यांना हे सगळं पोरकट वाटेल. आमच्याकडे पेठेपेठेला तालीम आहे. तालमीत कुस्ती असते, गणपती असतो, आणि फुटबॉलची टीमही असते. घरात सून कुठल्या पेठेतून आणली यावरून मॅचच्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी आदळतात. मी कमानवेस तालमीचा. आमच्याशी खरं वैर एकाच टीमचं, पिंपळपार तालमीचं. या दोघांची मॅच असली की स्टेडियमच्या पायऱ्यांवर मधोमध पोलीस काथ्याचा दोर बांधायचे. अलीकडे कमानवेस, पलीकडे पिंपळपार.

दोराला लागून कोणी बसत नसे. दोन्हीकडून येणारं सगळं आधी तिथं पडायचं, शेंगांच्या टरफलांपासून चपलांपर्यंत. मला गर्दीत खांद्याला खांदा लागलेला सोसत नाही, म्हणून मी ती मोकळी जागा धरायचो. पलीकडच्या मोकळ्या जागेवर पिराजी साळोखे बसायचा. पिंपळपारात त्याची पिठाची गिरणी होती. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पीठ घेऊनच तो मॅचला यायचा. तो दोरापाशी का बसतो हे मी एकदा विचारलं होतं.

"शत्रूच्या जवळ बसलं की त्यांचं तोंड पडल्यालं नीट दिसतंय," तो म्हणाला.

आमची ओळख टोमण्यांनीच झाली. पहिला त्याचाच.

"काय वो प्रूफवाले, आज तुमच्या टीमच्या किती चुका काढायच्या?"

मी कोणाला उलट बोललो नव्हतो. छापखान्यात फोरमन ओरडला तर मी चष्मा पुसायचो. लग्न जमवायला आलेल्या लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून दोन स्थळं मोडली, आणि पुढे कोणी आणलंही नाही. पण त्या दिवशी, का कोण जाणे, मी म्हणालो, "चुका नंतर. आधी पिंपळपार दळून द्या. बारीक दळा."

पिराजी माझ्याकडे बघतच राहिला. मग इतक्या मोठ्यानं हसला की त्याच्या भुवयांवरचं पीठ उडालं.

"दळतो की! पण निवडून आण मर्दा. तुमच्याकडं दाण्यापरास खडंच लई."

तिथून पुढे आमचं सुरू झालं. वर्षातून तीन-चार मॅचेस व्हायच्या, आणि तेवढ्या दुपारी मी निराळा माणूस असायचो. एरवी रस्त्यात भेटलो तर आम्ही नुसती मान हलवायचो. मी तर बहुतेक वेळा खाली बघून जायचो. बोलणं फक्त दोरापाशी. आमची एक शर्तही होती. ज्याची टीम हरेल त्यानं येत्या शनिवारी जिंकलेल्याच्या तालमीत जाऊन तिथल्या मारुतीला तेल घालायचं, आणि तिथले लोक जे बोलतील ते मुकाट ऐकून घ्यायचं. पिंपळपारात मी तेल घालायला गेलो की पिराजी सगळ्यांना ओरडून सांगायचा, "सावकाश बोला रं! पुस्तकातला माणूस हाय, पान दुमडंल!"

पिराजीचे आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला, संभाला, पिराजीनंच वाढवला होता. संभा पिंपळपारचा फॉरवर्ड. बारीक, लांब पायांचा, मैदानात कोणाशी न बोलणारा पोरगा. खरं सांगायचं तर त्याचा खेळ मला आमच्या सगळ्यांपेक्षा आवडायचा. हे पिराजीला मी कधी सांगितलं नाही. त्याऐवजी म्हणायचो, "तुमचा संभा धावतो की वाणसामान आणायला निघालाय?" आणि पिराजी म्हणायचा, "सामान तुमच्या गोलात ठेवून येतोय, थांब."

एका मोसमात एक विचित्र गोष्ट घडली. पिंपळपारची जर्सी निळी आणि आमची पांढरी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या मॅचला कोणीतरी पुढाऱ्यानं पिंपळपारला नव्या जर्सी दिल्या, त्या पांढऱ्या निघाल्या. मग आमच्या पोरांनी ऐनवेळी पिवळ्या चढवल्या. मॅच सुरू झाली तसा पिराजी रंगात आला.

"ह्यो पांढरा बघ! चेंडू टाकतोय का लग्नाच्या पत्रिका वाटतोय? घरटी एक!"

त्याच्या मागची पिंपळपारची माणसं हसली. पिराजी आज स्वतःच्याच टीमला झोडतोय, ही गंमत त्यांना आवडली. तो आणखी चढला. "पांढऱ्या, बस खाली! आईनं डबा दिलाय का?" तो पांढरा म्हणजे संभा होता.

मी हसत नव्हतो. मी पिराजीकडे बघत होतो. त्याचे डोळे मैदानावर होते, पण चेंडूमागे जात नव्हते. चेंडू डावीकडे गेला तरी ते मधेच राहायचे, आणि लोक ओरडले की मग त्या बाजूला वळायचे. मी शेंगांची पुडी दोरावरून पुढे केली. त्याचा हात पुडीच्या बाजूनं निघून गेला, थांबला, मग चाचपत परत आला.

"अरे, आज तुम्ही पांढऱ्यात आहात," मी हळूच म्हणालो. "आम्ही पिवळ्यात. डोकं फिरलं की काय तुमच्या पुढाऱ्याचं?"

पिराजीनं शेंगा मुठीत आवळल्या. मग मोठ्यानं म्हणाला, "म्हाईत हाय की! आपल्याच पोरास्नी नीट करायचं असतंय आधी. तुमास्नी काय कळणार?"

मागचे पुन्हा हसले. त्याच्या कपाळावर घाम होता. पिठात त्याच्या रेघा उमटल्या होत्या.

त्या दिवसापासून मी जास्त बोलू लागलो. असं ठरवून नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं नाही. पूर्वी मी वेळ साधून एखादा टोमणा मारायचो. आता मॅचभर तोंड चालू ठेवायचो, आणि जे दिसेल ते टोमण्यात बसवायचो.

"चेंडू बघ तुमच्या उजव्या बॅककडे. घेतला. आता काय करायचं हे घरी विचारून येणार बहुतेक."

"व्हय? मग?"

"विचारून आला. लांब मारलाय संभाकडे. संभानं छातीवर घेतला. आमचे दोघं अंगावर आलेत, तुमचा एकटा."

"एकटाच पुरं हाय तुमास्नी!"

पिराजी बरोबर वेळेवर ओरडू लागला. कधी कधी तर मागच्या लोकांच्या आधी. मला त्यात मोठा आनंद व्हायचा. आपल्या बोलण्याचा कोणाला काही उपयोग होतोय हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. एकदाच, मॅच संपून लोक उठत असताना, तो दोर सोडून जाता जाता म्हणाला, "नरहरी, तू हल्ली लई बोलाय लागलास."

"तुमचा खेळच तसा आहे. गप्प बसवत नाही."

"बोलत ऱ्हा," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, जणू सहज, पायऱ्या उतरून गेला.

गिरणीत त्याचं चालून जात होतं. पट्टा, जातं, डबे सगळं त्याच्या हाताखालचं होतं, आणि पीठ कसं पडतंय हे तो बोटांनी बघायचा. घरी त्यानं डोळ्यांचं कोणाला काही सांगितलं नव्हतं. का, तेही मला टोमण्यातूनच कळलं. फायनलच्या आधी साखळीत आमची मॅच झाली, तेव्हा तो म्हणाला, "फायनलला एका बँकेची माणसं येणार हायत संभाला बघाय. त्यांच्या टीममधी घेणार, नोकरीसकट. एवढी फायनल होऊ दे. मग मी डोळं झाकायला मोकळा."

"आणि आधी कळलं तर?"

"कळलं तर त्यो बूट काढून गिरणीत येऊन बसंल. मी वळखतो त्याला." मग लगेच आवाज चढवून, "पर तुला काय त्याचं? तुमची टीम फायनलला आली तर ना!"

आली. दोन्ही आल्या.

फायनलच्या दिवशी स्टेडियमच्या भिंतींवरसुद्धा माणसं होती. पोलिसांनी दोर दुहेरी बांधला होता. पिराजी धुतलेला सदरा घालून आला होता, फेटाही होता. त्याला तसा मी कधी पाहिला नव्हता.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"तुमच्या गोलीचं. हार घालाय आलोय. किती गोल घेणार ईचार त्याला, तेवढं हार आणतो."

"आमच्या गोलीला हार नको. तो चेंडू घेतो, तुम्ही फुलं आणा नंतर."

"बघू की. तू बोल फकस्त."

मी बोललो. दीड-दोन तास मी इतकं बोललो की घसा बसला. संभानं पहिला गोल केला तेव्हा मी सांगितलं, "आमचा बॅक पडला, गोली पुढे आला, संभानं डोक्यावरून सोडला, घ्या, घालून टाका, जीव थंड करा." पिराजी उभा राहून नाचला. माझ्या मागचे लोक मला शिव्या घालू लागले, दोराच्या अलीकडे बसून पलीकडच्यांचं कौतुक करतोय म्हणून. नंतर आम्ही गोल फेडला. तेव्हा मी पिराजीला सोडलं नाही. मग वेळ संपली. एक-एक.

टायब्रेकर. दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी किका. आमच्या पाचही गोल झाल्या. त्यांच्या चार झाल्या. पाचवी संभाची. गेली तर खेळ पुढे चालणार, चुकली तर संपला.

"आला तुमचा संभा," मी म्हणालो. "चालतोय बघ. मुलगी बघायला निघाल्यासारखा."

"पसंत करूनच येणार." पिराजीचा आवाज बारीक झाला होता.

"चेंडू ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. पाट मांडतोय की काय?"

"जमीन खालवर आसंल. मांडू दे त्याला नीट." दोरावर ठेवलेली त्याची बोटं काथ्या उसवत होती. "गोली?"

"रेषेवर. उड्या मारतोय. आमचं माकड."

"संभा मागं सरला?"

"सरला."

सगळं स्टेडियम गप्प झालं. शिट्टी वाजली. चेंडूला पाय लागल्याचा आवाज मला अजून आठवतो, ओल्या कापडावर काठी मारावी तसा. आणि मग आवाज आमच्या बाजूनं उठला. माझ्या पाठीवर माणसं पडली, कोणीतरी माझी टोपी हवेत उडवली, पायऱ्याच्या पायऱ्या खाली मैदानाकडे धावल्या.

त्या गोंधळात दोराखालून एक हात आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं.

"काय झालं? नरहरी, काय झालं? संभानं काय केलं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नव्हता. माझ्या मागं एक जण घसा फोडून ओरडत होता, "हातात दिला! गोलीच्या हातात आणून दिला!"

"हातात दिला," मी म्हणालो. "गोलीच्या हातात."

पिराजीनं माझं मनगट सोडलं.

शनिवारी तो आमच्या तालमीत आला, तेलाची वाटी घेऊन, एकटाच भिंतीला हात लावत. लोकांनी टोमण्यांचा पाऊस पाडला. एकानं विचारलं, "पिराजी, वाटीतलं तेल सांडलं काय? घरात हातात द्यायची सवय दिसतीय!" पिराजी हसला नाही. त्यानं चाचपून मारुतीच्या डोक्यावर तेल घातलं, बरंचसं पायांवर पडलं. मग विचारलं, "नरहरी हाय का हितं?"

मी खांबामागे होतो. पुढे गेलो. तो मला बाहेर कट्ट्यावर घेऊन आला. रस्त्याच्या पलीकडे संभा उभा होता. आमच्या तालमीच्या दारात तो येऊ शकत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"पोरगं म्हणतंय, चांगली मारलेली," पिराजी म्हणाला. "डाव्या कोपऱ्यात. गोलीनं आधीच उडी टाकली, बोट लागलं म्हणतोय. आमच्या तालमीत बैठक बसलीय आज. लोक म्हणत्यात, त्यानं जाणूनबुजून केलं. नोकरीसाठी कमानवेसच्या कुणाला तरी फितूर झाला. मला तिथं उभं ऱ्हाऊन बोलायचं हाय. तू नीट बघितलंस न्हवं?"

मी काय बोलणार होतो, मला माहीत आहे. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण आजूबाजूला आमच्या पेठेची माणसं उभी होती, आणि टोमणा नसेल तेव्हा बोलायचं कसं हे मला येत नव्हतं.

"बघितलं की," मी म्हणालो.

"मग हातातच?"

"हातातच."

"बरं," पिराजी म्हणाला. "तू खोटं बोलणार न्हाईस."

त्या बैठकीत तो गप्प बसला. हे मला पुढे लोकांकडून कळलं. संभाला सगळ्यांनी उभं आडवं घेतलं, आणि ज्यानं त्याला वाढवला तो खाली मान घालून बसून राहिला. शेवटी संभानं विचारलं, "दादा, तू तरी बोल," आणि पिराजी म्हणाला, "नरहरीनं बघितलंय." बँकेची माणसं पुन्हा आली नाहीत. संभानं बूट तालमीच्या दारात ठेवले आणि नाशकाला कुठल्याशा कारखान्यात गेला. पावसाळा संपता संपता पिराजीचं बोट गिरणीच्या पट्ट्यात सापडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांचं सगळ्यांना कळलं. गिरणी विकली. तो कुठे गेला ते मी विचारलं नाही. दोरापाशी त्यानंतर मी बसलो नाही. स्टेडियमलाच गेलो नाही.

यंदा गेलो. का गेलो हे नीट सांगता येणार नाही. पुतण्यानं तिकीट आणून दिलं, आणि नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. आता दोराच्या जागी लोखंडी कठडा आहे. त्याला लागूनच जागा मिळाली. पलीकडे रिकामी खुर्ची होती. मॅच चालू झाली आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, मी पुटपुटतोय. 'घेतला, दिला, आता काय करणार, वाणसामान आणायला निघाला.' शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

तीही मॅच टायब्रेकरला गेली. पिंपळपारचा शेवटचा पोरगा चेंडू ठेवून मागे सरला. शिट्टी वाजली. गलका झाला.

"काका," शेजारचे गृहस्थ मला हलवत म्हणाले, "आवो, तिकीट काढून आलाय आन् तोंड झाकून काय बसलाय? जिंकलं की तुमी!"

मी दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली घेतले.

"काय झालं?" मी विचारलं. "किक कशी गेली?"

"आता मलाच इचारताय? बारला लागली की!"

समोरच्यांची शेवटची पेनल्टी मी कधी बघत नाही. लहानपणी एका फायनलला भीतीनं तोंड झाकलं होतं आणि ती किक चुकली होती. तेव्हापासून माझी खात्रीच झाली, की मी बघितलं तर गोल होतो. आमच्या पेठेत कोणी एका पायावर उभं राहतं, कोणी जागा सोडत नाही, तसं माझं हे. संभा मागे सरला, शिट्टी वाजली, आणि माझे हात वर गेले. ज्याला मी दीड-दोन तास मॅच दाखवत होतो तो दोराच्या पलीकडे बसला आहे, तो माझ्यावर विसंबून आहे, हे मला ठाऊक होतं. पण त्या एका किकेपुरती मला कमानवेस जिंकायला हवी होती. संभाची किक कोपऱ्यात गेली की हातात, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. मागून कोणी ओरडलं तेच मी पुढे केलं. टोमणाच तो. जिंकलेल्या माणसाचा टोमणा. त्याला पिराजीनं डोळ्यांनी पाहिल्यासारखं खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी मी पिंपळपारात गेलो. गिरणीच्या जागी आता साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या बाईंचं दुकान आहे. त्या साळोख्यांच्याच भाऊबंदांतल्या निघाल्या.

"पिराजीआप्पा? हायत की. लेकीकडंच. मागल्या म्हैन्यात फोन आलता. मॅच कोण जिंकलं, इचारत हुते."

"आणि संभा? तो एका दिवाळीला येणार होता."

"आलता. एक रात ऱ्हायला. दोघंबी बसले समोरासमोर, बोलणं काय झालं न्हाई म्हणं. परत आला न्हाई. नाशकातच हाय, नातवंडं झाली त्याला." त्यांनी मशीन थांबवलं. "आप्पांचा नंबर देऊ का? बोला की."

"नको," मी म्हणालो. "पत्ताच द्या."

फोनवर मला बोलता येत नाही. समोरचा थांबला की माझंही थांबतं.

घरी येऊन लिहायला बसलो. 'प्रिय' लिहिलं नाही, म्हणजे त्यात अडकायला नको.

"पिराजी, तुझ्या पत्राचं उत्तर देतोय. वाचून दाखवणाऱ्यानं मोठ्यानं वाचावं, घरात कोणी असेल त्यालाही ऐकू जाऊ दे. संभाची किक मी बघितली नाही. शिट्टी वाजली तेव्हा मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मागं कोणी 'हातात दिला' म्हणून ओरडलं, तेच तुला सांगितलं. शनिवारी कट्ट्यावर तू विचारलंस, तेव्हाही तेच रेटलं. तुला मी जे जे दाखवलं ते सगळं खरं होतं, एवढी एक किक सोडून. तेव्हा माझं धरू नको. संभा चेंडूपासून पावलावर होता आणि त्याचे डोळे उघडे होते. तो कोपऱ्यात मारली म्हणतो, तर कोपऱ्यात मारली. हे नाशकाला कळव. तुझ्या तोंडानं कळव. मला त्याचा पत्ता ठाऊक नाही, आणि असता तरी मी लिहिलं असतं की नाही याची खात्री देत नाही. उशीर झाला हे मला कळतं. टोमणा मारू नको म्हणाला होतास, म्हणून मारत नाही. — नरहरी"

पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी काही खटकलं. दुरुस्त केलं नाही. लाळ लावून पाकीट चिकटवलं, चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो. तिच्यातून पत्रं अजून नेतात का, हे समोरच्या पानवाल्याला विचारलं. "नेत्यात की, सकाळी येतोय त्यो," तो म्हणाला. मी पाकीट फटीत सरकवलं आणि सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. मग बोटं जातील तितकी आत घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.